मिठातल्या आठ कंडरा

आधीच सांगून टाकते, मी जळकी बाई आहे. लहानपणी चाळीत कुणाच्या दारात नवी सायकल उभी राहिली तरी माझं जेवण बिघडायचं. पुढे शिकले, इंजिनिअर झाले, तिशी उलटल्यावर चांगली नोकरी सोडून पीएचडीला बसले, तरी हा गुण काही गेला नाही. उलट त्याला मोकळं रान मिळालं, कारण प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर ती आली.

ती ठाकूरद्वारची. माझ्याहून सात वर्षांनी लहान. वडील डॉक्टर, आई शाळेत संस्कृत शिकवायची. बोलणं असं की प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणलेलं. मी काळाचौकीची. आमच्या घरात एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू होतो, त्यामुळे घाईनं बोलायची सवय. ती मला पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची. त्यात तिचा काही वाकडा हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी प्रत्येक 'ताई'सरशी माझं वय वर्षभरानं वाढल्यासारखं वाटायचं.

आमचं दोघींचं काम एकच होतं. स्नायू ज्या पांढऱ्या, चिवट दोरीनं हाडाला बांधलेला असतो ती कंडरा. लोक तिला सरसकट नस म्हणतात. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती कंडराच, आणि खांद्यात असते, वयाबरोबर विरत जाते, तीही कंडराच. पूर्ण तुटली तर डॉक्टरांना फार विचार करावा लागत नाही. पंचाईत होते अर्धवट फाटलेलीची. ती किती भार झेलेल? शिवायची, की व्यायामावर सोडायची? जिवंत माणसाच्या खांद्याला वजन टांगून, तुटतंय का ते बघता येत नाही. म्हणून आम्ही कॉम्प्युटरवर तिचं गणित मांडत होतो. एक मॉडेल माझं, एक तिचं. परळच्या एका रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर मधूनमधून ते बघायचे. आमच्या दोघींच्या गाईड सरांनी स्वच्छ सांगितलं होतं की दोन्हींपैकी एकच मॉडेल पुढे जाईल, आणि जिचं जाईल तिला प्रकल्पात तीन वर्षांची जागा मिळेल. जागा एकच होती. माझी फेलोशिप त्याच उन्हाळ्यात संपत होती. तिला ती जागा हवी होती. मला ती लागणार होती.

भांडण कशावर होतं तेही सांगते, फार अवघड नाही. कंडरेत हजारो तंतू असतात. समजा त्यातले अर्धे कापले. ती म्हणायची, कापलेले तंतू गेले, त्यांना विसरा, आता उरलेल्या अर्ध्यांवर सगळा भार. मी म्हणायचे, गेले कसे? कापलेला तंतू जिथे कापला तिथे ढिला पडेल, पण थोडं पुढे गेलं की शेजारचा तंतू त्याला चिकटलेला आहे, तो त्याला पुन्हा ओढीत घेईल. ही अक्कल माझी नव्हती, बाबांची होती. बाबा गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. मी पहिल्यांदा त्यांना माझं काम समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, सुतात एक पण तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाय. सगळे आखूड. एकमेकांना धरून असतात म्हणून सूत असतं." मी ते वाक्य उचललं आणि त्याची समीकरणं केली.

समीकरणं जरा जास्तच झाली. माझ्या मॉडेलला सात आकडे पुरवावे लागायचे, तिच्याला दोन. माझं मॉडेल चालायला चार तास लागायचे आणि तिचं खालून चहा येईपर्यंत उत्तर देऊन मोकळं व्हायचं. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "सात सात ठिकाणी ढिलं करता येणारा झगा शिवला की तो कुणालाही बसतोच." सगळे हसले. ती हसली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. हसली असती तर निदान हक्कानं चिडता आलं असतं.

सर चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी उभे राहायचे, आणि तो संपला की रिकामा कप माझ्या टेबलावर ठेवून जायचे, कारण ट्रे माझ्या बाजूला होता. यात अपमान काहीच नव्हता, हे मी स्वतःला रोज समजावायचे. तिची वही बघितली तर खाडाखोड नाही. सेमिनारमध्ये कुणी प्रश्न विचारला की ती आधी दोन क्षण थांबायची, मग उत्तर द्यायची. मी घरी आरशासमोर ते थांबणं करून पाहिलं. माझ्या तोंडावर ते विसरल्यासारखं दिसत होतं.

शेवटी सर म्हणाले, हातच्या काकणाला आरसा कशाला, खऱ्या कंडरा ओढून बघा. बकऱ्याच्या पायात लांब, सरळ कंडरा मिळते. ती मशीनच्या दोन चिमट्यांत धरायची, हळू ताणायची, किती ताठ आहे ते मोजायचं. मग पात्यानं अर्धी कापायची आणि पुन्हा ताणायची. कापल्यावर ताठपणा निम्म्यावर आला तर तिचं खरं, थोडासाच उतरला तर माझं.

इथे मात्र मी राणी होते. पाये कुठले घ्यायचे, पुढचे की मागचे, खाटकाला कुठे सुरी लावू नको म्हणून सांगायचं, हे मला कुणी शिकवायला नको. लालबागच्या आमच्या नेहमीच्या दुकानातून रविवारी सकाळी पाये आणले, घरीच ओट्यावर बसून आठ कंडरा सोडवल्या. मशीन मला सोमवारी मिळणार होतं आणि प्रयोगशाळेचा फ्रीज त्या आठवड्यात बंद पडला होता. म्हणून मिठाच्या हलक्या पाण्यात, म्हणजे अंगात असतं तेवढंच मीठ असलेल्या, डॉक्टर सलाईन म्हणतात त्यात, भिजवलेल्या मलमलीत त्या गुंडाळल्या, डब्यात भरल्या, डब्यावर 'खायचं नाही' अशी चिठ्ठी चिकटवली आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

सोमवारी डबा उघडला तेव्हा तळाशी पाणी साचलेलं होतं. कंडरा बोटांना जरा बारीक, जरा कडक लागल्या. एरवी त्या ओल्या, गुळगुळीत असतात. मी क्षणभर थबकले, मग मनाशी म्हटलं, रात्रभर फ्रीजमध्ये होत्या, एवढं चालायचंच. धुतल्या आणि मशीनवर चढवल्या.

पहिली कापल्यावर ताठपणा जेमतेम उतरला. दुसरीचं तेच. आठव्या कंडरेपर्यंत पडद्यावर आठ ठिपके माझ्या मॉडेलनं काढलेल्या रेषेवर एखाद्या शाळेच्या रांगेसारखे उभे होते. तिची रेषा खाली, एकटी. मी इतकी खूष झाले की मशीन पुसायचं राहिलं. खरं सांगायचं तर माझं बरोबर आलं याचा आनंद कमी होता. तिचं चुकलं, याचा जास्त.

सरांना दाखवलं तेव्हा ती शेजारीच होती. तिनं आलेख आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "छान आलंय, ताई." आणि ते दोन क्षण थांबून, "नमुने कसे ठेवले होते?"

"घरी. फ्रीजमध्ये," मी म्हणाले. "सगळ्यांच्या घरी असतो तसा."

तिनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'नमुने कसे ठेवले' एवढंच लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

सर म्हणाले, आठ थोडे होतात, अजून आठ कर, आणि पुढल्या महिन्यात शनिवारी परळला डॉक्टरांसमोर तूच बोल. जागेचं नाव त्यांनी काढलं नाही, पण माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या दिवशी रिकामा कप त्यांनी स्वतः ट्रेमध्ये ठेवला.

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी अर्ध्या चाळीला सांगितलं की हाडांच्या डॉक्टरांना आता आपली मुलगी गिरणीतलं सूत शिकवणार आहे. मी मनातल्या मनात तीन वर्षांचे मांडे खात होते. तिचा उतरलेला चेहरा आठवायचा आणि जेवण गोड लागायचं. इकडे ती मला येऊन विचारत होती की पाये कुठे मिळतात. मी तिला लालबागच्या दुकानाचा पत्ता दिला. तिनं जन्मात मटणाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. ती त्या दुकानात, रुमाल नाकाला लावून, हे चित्र मी दोन दिवस चघळलं. पण ती गेली. आणि खाटीक मला नंतर कौतुकानं सांगत होता की तुमची ती मॅडम फार व्यवस्थित बोलते. म्हणजे तिथेही.

पुढच्या आठ कंडरांसाठी मी दोन आठवड्यांनी पुन्हा पाये आणले. रविवारची दुपार होती. वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, विहारातून वंदना करून नुकतीच आली होती आणि ओट्याशी उभी होती. मी कंडरा सोडवून मलमलीत गुंडाळत होते. ती सहज म्हणाली, "वन्सं, मागच्या टायमासारखं मीठ लावून ठेवू ना?"

मी विचारलं, "कसलं मीठ?"

"अगं, त्या दिवशी तू फडक्यात गुंडाळून तशीच ठेवलीस. मटणाचं काय पण रात्रभर ठेवायचं तर मीठ नको? वास मारला असता. मी काढून चांगलं चोळलं आणि परत तसंच गुंडाळलं. तुझी घडी पण मोडली नाही."

तिनं घडी मोडली नव्हती हे खरंच होतं. वहिनी कोकणातली. त्यांच्या घरी मासळी असो की मटण, रात्रभर राहणार असेल तर आधी मीठ, मग बाकीचं. तिनं 'खायचं नाही' ही चिठ्ठी वाचली होती, खाल्लं नव्हतं, आणि माझ्या वस्तूची काळजी घेतली होती. मिठानं कंडरांतलं पाणी ओढून घेतलं. पाणी गेल्यावर तंतू एकमेकांना घट्ट बसले, आणि घट्ट बसलेले तंतू कापलेल्या शेजाऱ्याला सोडत नाहीत. माझ्या रेषेवर आलेले आठही ठिपके मिठाचे होते.

"लावू?" वहिनीनं बरणीचं झाकण काढलं होतं.

मी लगेच 'नको' म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी तिच्या हातातल्या बरणीकडे बघत राहिले. पुन्हा मीठ लावलं तर पुन्हा आठ ठिपके, पुन्हा माझीच रेषा, आणि कुणाला काय कळणार? मग मी 'नको' म्हणाले. वहिनीला वाटलं मी रागावले. ती मुकाट्यानं बरणी ठेवून आत गेली, आणि तिला समजावण्याइतकंही माझं मन ठिकाणावर नव्हतं.

सोमवारी त्या आठ कंडरा मीठ न चोळता ओढल्या. ताठपणा धाडकन उतरला. अगदी निम्म्यावर नाही, पण तिच्या रेषेच्या जवळ, आणि माझ्यापासून लांब.

हे मी कुणाला सांगितलं नाही. जुना आलेख सरांकडे होता, नवा माझ्या लॅपटॉपमध्ये. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी स्वतःला पटवत होते की पहिले आठ नमुने खोटे नाहीत, आकडे मशीननंच दिलेत, नव्यांमध्येच काही गडबड असेल. असा दीड आठवडा गेला. रोज सकाळी बाबा विचारायचे, भाषण तयार झालं का. मी हो म्हणायचे आणि चप्पल घालायचे.

आणि प्रयोगशाळेत ती रोज कंडरा ओढत होती. हातमोजे घालून, ओठ घट्ट मिटून, एकामागून एक. तिचे ठिपके तिच्याच रेषेजवळ येत होते आणि ती ते माझ्या आलेखाशेजारी धरून बघत होती. एकदा तिनं मला विचारलं की ताई, तुम्ही कापता कसं ते दाखवाल? मी दाखवलं. तिनं तसंच कापलं. उत्तर तेच आलं. तिनं पुन्हा ती वही उघडली, तेच पान, तेच प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली रेघ ओढली.

त्या रेघेनं माझी झोप उडवली. हिला कळणार. आज नाही तर उद्या ही शोधून काढणार, आणि दोन क्षण थांबून, इस्त्रीच्या वाक्यात सरांना सांगणार. मग मी चोर ठरणार हे तर होतंच, पण मला खरं टोचत होतं ते वेगळंच. ते शोधल्याचं श्रेयसुद्धा तिलाच मिळालं असतं. माझं मॉडेल तिनं पाडायचं आणि वर माझी चूकही तिनंच पकडायची, हे मला सहन होण्यातलं नव्हतं. त्यापेक्षा मीच माझ्या हातानं सांगेन.

शनिवारच्या कार्यक्रमाआधीच्या गुरुवारी मी सरांच्या खोलीत गेले, दोन्ही आलेख टेबलावर ठेवले आणि मिठाची गोष्ट सांगितली. दीड आठवडा गप्प बसले हेही सांगितलं, कारण नव्या आलेखावर तारीख होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "शनिवारी ती बोलेल." मग तिला आत बोलावून सगळं तिच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. ती खुर्चीत पुढे सरकून ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "ते मिठाचे आठ आकडे मला द्याल?" मी दिले. न देऊन करणार काय होते?

शनिवारी परळच्या त्या रुग्णालयाच्या सभागृहात मी शेवटच्या रांगेत बसले. तिनं ताज्या कंडरांचा आलेख दाखवला, तिची रेषा दाखवली. मला वाटलं, झालं. पण पुढच्या चित्रात माझे आठ ठिपके होते. तिनं दोन्ही मॉडेलं एकत्र केली होती. माझ्या सात आकड्यांतले सहा टाकून देऊन एकच ठेवला होता, शेजारचे तंतू एकमेकांना किती घट्ट धरतात तेवढा. तो शून्य केला की तिचं मॉडेल, वाढवत नेला की माझं. ताज्या कंडरा एका टोकाजवळ, मिठातल्या दुसऱ्या टोकाजवळ. ती म्हणाली, वयाबरोबर माणसाची कंडराही कोरडी होत जाते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा खांदा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असावा, आणि तो कुठे असतो हे आता शोधायला हवं. इतका वेळ मोबाईल बघत बसलेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मोबाईल खिशात टाकला आणि वही मागितली.

ही कल्पना तिनं एका दिवसात मांडली होती. माझ्याकडे ते दोन्ही आलेख दीड आठवडा पडून होते. मी त्यांच्यात फक्त कोण जिंकलं एवढंच पाहिलं. टाळ्या मीही वाजवल्या. माझी चूकसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगली वापरता आली.

जागा अर्थातच तिला मिळाली. सरांनी तिथेच सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर ती माझ्यामागून धावत आली. म्हणाली, "ताई, एक सांगू? मी सरांना मेल लिहून ठेवला होता. माझं मॉडेल मागे घेते म्हणून. शुक्रवारी सकाळी पाठवणार होते. तुम्ही गुरुवारी बोललात."

मी म्हणाले, "काहीतरीच. तू तर शोधत होतीस. नमुने कसे ठेवले, वहीत लिहिलं होतंस."

"ते मी फ्रीजच्या थंडीचं बघत होते हो. कमी थंड, जास्त थंड, सगळं करून पाहिलं. काहीच फरक पडेना. शेवटी वाटलं, तुमचेच आकडे खरे, माझंच मोजणं चुकतंय." ती हसली. "मीठ मला जन्मात सुचलं नसतं. आमच्याकडे मटण येतच नाही. ते मीठ लावून ठेवतात, हेच मला गुरुवारी तुमच्याकडून कळलं."

मी पायरीवर उभी राहिले. एक दिवस. एक दिवस तोंड मिटून बसले असते तर तिनं आपल्या हातानं माघार घेतली असती आणि आज ती जागा माझी असती. तिला काही कळणार नव्हतं. मीच तिला ती होती त्याहून हुशार धरून चालले होते, आणि त्या धाकानं खरं बोलून बसले होते. खरं बोलल्याचं समाधान वगैरे जे म्हणतात, ते मी आत चाचपून पाहिलं. नव्हतं. होती ती फक्त शुक्रवारची सकाळ, जी माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

"थँक यू, ताई," ती म्हणाली.

"अगं, त्यात काय," मी म्हणाले.

फेलोशिप संपली तरी पीएचडीपुरती मी अजून प्रयोगशाळेत येते, आणि तिथे आता मला सगळे फार प्रामाणिक बाई म्हणून ओळखतात. नवीन मुलं आली की त्यांना ती मिठाची गोष्ट सांगितली जाते, आणि ऐकून ती माझ्याकडे आदरानं बघतात. सांगते तीच, ठाकूरद्वारची.